पद्माबाईंचं पहिलं बक्षीस

पिंपरीतल्या एका कारखान्याच्या कल्याण विभागाचे मुख्य कारकून मधुसूदनराव यांनी १९७३ साली कामगार वसाहतीसाठी ‘शिल्लक औषध बचत योजना’ काढली आणि दुर्दैवानं ती यशस्वी झाली. ताप उतरला की उरलेल्या कॅप्सूल दवाखान्यातल्या पत्र्याच्या डब्यात टाकायच्या. पुढच्या आजाऱ्याला त्याच द्यायच्या. सर्वांत जास्त टाकील त्याला स्टीलचं पातेलं. मग काय, लोक दुसऱ्याच दिवशी बरे होऊ लागले. पहिलं बक्षीस मधुसूदनरावांच्या पत्नीनं, पद्माबाईंनीच पटकावलं. टायफॉइडचं चौदा दिवसांचं औषध त्यांनी चारच दिवस घेतलं होतं.

पुढच्याच महिन्यात त्यांचा ताप उलटला. डब्यातल्या कॅप्सूल दिल्या, तरी हटेना. पद्माबाईंना उठून बसवेना, तेव्हा मधुसूदनरावांच्या तोंडचं पाणी पळालं.

डॉक्टर अरुंधतीबाईंनी तपासणीचा कागद वाचला. “जंतू औषधाला दाद देत नाहीत. पोटातल्या दुसऱ्याच जंतूंनी औषध पचवायची ही विद्या त्यांना दिलीय.”

“दिली म्हणजे?”

“त्यांच्यात एक इवलंसं वेटोळं असतं. त्यात ही विद्या. त्याची नक्कल काढायची, शेजारच्याला चिकटायचं आणि देऊन टाकायची. अर्धवट औषधानं कच्चे मरतात. पक्के उरतात आणि वाटत सुटतात.”

“अर्ज न करता?”

“जातसुद्धा विचारत नाहीत.”

मधुसूदनराव हादरले. वसाहतीत नळावर हंडा लावायलाही जात पाहिली जायची. त्यांनी तातडीनं परिपत्रक काढलं: पूर्वपरवानगीशिवाय कोणत्याही जंतूने दुसऱ्या जंतूस काहीही देऊ नये.

आता वेगळं औषध पुण्याहून मागवायचं होतं. मागणीपत्रावर अट होती: डब्यातील शिल्लक संपल्याखेरीज नवे औषध मिळणार नाही. खाली सही मधुसूदनरावांची. डबा काठोकाठ भरलेला.

“कलम तुमचंच ना?” पद्माबाई पडल्या पडल्या म्हणाल्या. “पाळा मग. मी काय, आज आहे नि उद्या नाही.”

मधुसूदनरावांना रडू फुटलं. नोकरीत पहिल्यांदाच त्यांनी कलम मोडलं.

नवं औषध लागू पडलं. पाचव्या दिवशी पद्माबाई मेथी निवडायला बसल्या. अजून नऊ दिवसांचं औषध बाकी होतं, आणि योजनेचा पुढचा बक्षीस समारंभ आठवड्यावर आला होता.

“अहो, आता बरी आहे की मी. उगीच पोटात उष्ण कशाला ढकलायचं?” असं म्हणून त्यांनी बाटली नवऱ्याच्या हातात ठेवली. मधुसूदनरावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि ती पिशवीत टाकली.

हसा, खुशाल हसा. फक्त आधी तुमच्या फडताळातला तो डबा उघडून बघा. मागच्या तापातल्या चार गोळ्या त्यात असतील, आणि शेजारच्या सावित्रीबाईंना कणकण आल्याचं तुम्ही कालच ऐकलंय.