बारावी बाटली

"सोमवारी सकाळी नऊ वाजता मी कामावर हजर असणार," बायको म्हणाली. "तोपर्यंत यातली एक तरी बाटली पास कर. नाहीतर बाळाला कसं पाजायचं ते तुझं तू बघ."

शुक्रवारची संध्याकाळ होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बाळाच्या दुधाच्या अकरा बाटल्या ओळीने उभ्या होत्या आणि अकराही जणींच्या पोटावर लाल गोल चिकटवलेला होता. लाल गोल म्हणजे नापास. टेबलावर ताट ठेवायला जागा न उरल्यामुळे गेला आठवडाभर घरातली माणसं मांडीवर ताटं घेऊन जेवत होती.

नवरा प्लास्टिकच्या बादल्या आणि टब बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस होता. कामगार त्याला पाठीमागे शंकासुर म्हणत. हे त्याला ठाऊक होतं, पण याहून वाईट काहीतरी म्हणत असावेत अशी त्याला शंका होती. अठरा वर्षांत कारखान्याची शिस्त त्याच्या हाडीमाशी खिळली होती. नापास मालाला लाल गोल लावायचा. पास झालेल्या मालातला एक नग मात्र चिठ्ठी बांधून, सही करून कपाटात बंद करायचा, उद्या तक्रार आलीच तर पडताळायला. बादल्यांना लावलेली हीच शिस्त बाटल्यांना लावण्यात आपलं काय चुकलं, हे त्याला खरोखरच कळत नव्हतं.

बाळ साडेचार महिन्यांचं होतं. बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. रजा आणखी वाढवली तर तिच्या जागी दुसरी मुलगी घेऊ, असं मालकाने फोनवर अगदी गोड आवाजात सांगितलं होतं.

"ही का नापास?" बायकोने एक बाटली उचलली.

"तळाला बघ. त्रिकोणात सात आहे."

"मग?"

"तो प्लास्टिकचा प्रकार. सात म्हणजे 'इतर'. इतर म्हणजे नक्की काय ते कंपनी सांगत नाही. आपल्या मुलाच्या पोटात 'इतर' कशाला घालायचं?"

"बरं. हिच्यावर पाच आहे."

"पाच चांगला. पण तो पाच जरा तिरका आहे. मला तो साचाच संशयास्पद वाटतो."

"आणि हिच्यावर 'घातक रसायनं नाहीत' असं चार ठिकाणी लिहिलंय."

"म्हणूनच नापास. एकदाच लिहिलं असतं तर विश्वास ठेवला असता."

तीन बाटल्या अस्तराच्या होत्या. बाहेर बाटलीचा नुसता सांगाडा, आत दर वेळी नवी पातळ पिशवी बसवायची आणि दूध त्या पिशवीत. बाटली धुण्याची कटकट वाचते म्हणून बायकोने त्या सुचवल्या होत्या. गुरुवारी तपासनिसाने पिशव्यांत गरम पाणी भरून त्या दिवसभर खुंटीला टांगल्या होत्या आणि संध्याकाळी पाण्याचा वास घ्यायला सगळ्यांना बोलावलं होतं.

"आई, तुम्ही सांगा. कसला वास येतोय?"

आई म्हणजे सासूबाई. त्या महिनाभरासाठी लेकीकडे आल्या होत्या. उभा जन्म त्यांनी टपालाच्या खिडकीमागे काढला होता आणि सही-शिक्क्याशिवाय एक कागद पुढे जाऊ दिला नव्हता. त्यांनी नाक पुढे केलं.

"लिंबाचा."

"बघ! लिंबाचा!" तपासनीस बायकोकडे वळला.

"अहो जावईबापू, मी आत्ता भांडी घासून आलेय. माझ्या हाताचा येतोय तो."

सासूबाईंचा हात हुंगून खात्री करून घ्यावी, असं त्याला फार वाटलं. पण तेवढा धीर झाला नाही. पिशव्यांना लाल गोल मिळाला.

शनिवारी तो काचेची बाटली घेऊन आला. काचेवर त्याचा विश्वास होता असं नाही, पण काचेबद्दल त्याला फारशी माहिती नव्हती, त्यामुळे शंकाही कमी होत्या. ती उकळून, उजेडाकडे धरून, नखाने वाजवून झाल्यावर त्याने तिच्यावर पिवळा कागद चिकटवला आणि त्यावर लिहिलं, "तात्पुरता पास. पुन्हा तपासावे."

मग बायकोने काढून गोठवून ठेवलेल्या दुधाची एक पिशवी कोमट पाण्यात वितळवून त्याने दूध काचेच्या बाटलीत भरलं आणि बाळाला मांडीवर घेतलं. बाळाने बाटलीकडे पाहिलं. बापाकडे पाहिलं. गोड हसलं आणि तोंड गच्च मिटून घेतलं. दहा मिनिटं विनवण्या झाल्या. शेवटी बाळाने तोंड उघडलं ते एक खणखणीत ढेकर देण्यासाठी.

तपासनिसाने कान टवकारले. तीन तासांत या बाळाने काही प्यायलेलं नाही, मग ढेकर कसला?

तो उठला आणि त्याने फ्रीजर उघडला. सकाळी दुधाच्या चौदा पिशव्या होत्या. त्याने स्वतः एक काढली. राहायला हव्यात तेरा. होत्या अकरा.

"आई, दुधाच्या दोन पिशव्या कमी आहेत."

"तुमच्या फ्रीजचं दार नीट लागत नाही," सासूबाई म्हणाल्या. हे उत्तर नव्हतं, हे न कळायला तो दूधखुळा नव्हता.

आत बायको सोमवारच्या कपड्यांना इस्त्री करत होती आणि चक्क गुणगुणत होती. बाळ बाटली घेत नाही, नोकरी जायची वेळ आली आणि ही गुणगुणतेय! तपासनीस स्टूल घेऊन माळ्यावर चढला. तक्रार करायची झाली तर असावीत म्हणून त्याने प्रत्येक बाटलीचं खोकं जपून ठेवलं होतं. काचेचं खोकं बाजूला ठेवून त्याने प्लास्टिकवाल्यांची खोकी मोजली. बारा. तो खाली उतरला आणि टेबलावरच्या बाटल्या बोट लावून मोजल्या. अकरा.

म्हणजे नापास मालातली एक बाटली कोणीतरी पळवली होती, आणि ती आत्ता याच घरात वापरात होती.

रविवारी सकाळी तो मोठ्याने म्हणाला, "जरा दुकानात जाऊन येतो, तासभर लागेल." बाहेर पडून त्याने दार आपटलं, चपला हातात घेतल्या आणि जिन्यातच भिंतीला चिकटून उभा राहिला. वरच्या मजल्यावरचे काका दुधाची पिशवी घेऊन वर येत होते.

"काय हो, किल्ली विसरलात?"

"नाही. घर तपासतोय," तो कुजबुजला. काका पुढे काही न विचारता, भिंतीच्या दुसऱ्या कडेने, घाईघाईने वर निघून गेले.

पाच मिनिटांनी त्याने आवाज न करता कुलूप उघडलं आणि चवड्यांवर चालत बेडरूमच्या दारापर्यंत गेला. आतून गुटुक्‌ गुटुक्‌ आवाज येत होता. त्याने दार ढकललं. बाळ सासूबाईंच्या मांडीवर होतं, बायको हातात रुमाल घेऊन शेजारी बसली होती आणि बाळाच्या तोंडात दुधी रंगाची, अस्तराची बाटली होती. आतली पिशवी भराभर आक्रसत चालली होती.

"सापडलात!" तपासनीस ओरडला.

"हळू. शेवटचे दोन घोट राहिलेत," सासूबाई म्हणाल्या.

"नापास बाटली! माझ्या पाठीमागे! आई, मी रात्रंदिवस जिवाचं रान करतोय ते कोणासाठी?" त्याचा आवाज फाटला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. बाळ झाल्यापासून रोज त्याला एकच भीती वाटत होती, की आपल्या नजरेतून काहीतरी निसटेल आणि ते नेमकं बाळाच्या पोटात जाईल.

सासूबाईंनी बाटली रिकामी होऊ दिली, बाळाला खांद्यावर घेतलं आणि उशीखालून दोरी बांधलेली एक चिठ्ठी काढून त्याच्या हातात दिली. "वाचा."

त्याने वाचलं. "नमुना क्रमांक एक. आकडा: पाच, सरळ. वास: नाही. उकळून: फरक नाही. अस्तर: ठीक. निर्णय: पास. राखीव नमुना. वापरू नये." खाली पंधरा दिवसांपूर्वीची तारीख होती आणि त्याची स्वतःची सही.

"ही... ही कुठे मिळाली?"

"कपाटात, गोधड्यांच्या मागे. बाळासाठी पांघरूण शोधत होते. अस्तरांचा डबाही तिथेच होता. दर वेळी नवी पिशवी घालते, काळजी नको."

आत्ता त्याला आठवलं. पहिल्याच दिवशी आणलेली पहिलीच बाटली. ती सगळ्या चाचण्यांत पास झाली, तेवढ्यात लस टोचलेलं बाळ रडायला लागलं, आणि अठरा वर्षांच्या सवयीने हातांनी आपोआप चिठ्ठी बांधून ती कपाटात ठेवून दिली. कारखान्यात पास झालेला एक नग ठेवला तरी पाचशे बादल्या बाहेर जायच्या. इथे सगळा माल मिळून एकच नग होता.

"पण यावर 'वापरू नये' असं स्पष्ट लिहिलंय!"

"त्याच्या आधी 'पास' लिहिलंय. आम्ही तिथपर्यंतच वाचलं."

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू ती परत तपासायला घेतली असतीस," बायको म्हणाली.

"काहीतरीच काय!" असं म्हणायला त्याने तोंड उघडलं, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण बाटली उलटी करून तळाचा पाच बघतोय. पाच सरळ होता. त्याने बाटली गुपचूप खाली ठेवली.

सोमवारी सव्वाआठला बायको निघाली. दारात तिने बाळाचे इतके मुके घेतले की सासूबाईंना तिला बाहेर ढकलावं लागलं. तपासनिसाने सकाळची सुट्टी काढली होती.

साडेदहाला सासूबाईंनी बाटली भरून त्याच्या हातात दिली. "आता तुम्ही पाजा."

"मी? परवा काचेची घेतली नाही त्याने माझ्याकडून."

"परवा त्याचं पोट भरलेलं होतं. बसा."

तो बसला. बाळाने बाटलीकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि ते सरळ प्यायला लागलं. पिता पिता त्याने इवल्या मुठीत बापाचं बोट धरलं. तपासनिसाने आयुष्यात हजारो गोष्टी तपासल्या होत्या, पण कोणी त्याला असं धरून ठेवलं नव्हतं. पिशवी पार आक्रसेपर्यंत तो हलला नाही. डोळे पुसायचे राहिले, कारण दोन्ही हात गुंतलेले होते.

सासूबाई चिठ्ठीच्या पाठीमागे काहीतरी लिहीत होत्या. त्याने मान तिरकी करून पाहिलं. तिथे शनिवारपासूनच्या नोंदी होत्या, वेळ आणि दूध, एकाखाली एक. शेवटची ओळ ताजी होती: "साडेदहा. सगळं संपवलं. पाजणारा: बाबा. तात्पुरता पास. पुन्हा तपासावे." खाली सासूबाईंची सही.

"आई, तात्पुरता का?"

"ढेकर काढायचा राहिलाय."

त्याने घाईघाईने बाळाला खांद्यावर घेतलं आणि पाठीवर थोपटायला लागला. एक मिनिट गेलं, दोन गेली. मग कानाशी खणखणीत ढेकर आला. तो विजयी चेहऱ्याने वळला.

"ऐकलात?"

सासूबाईंनी पेनाला लावलेलं टोपण काढलं नाही. चष्म्यावरून त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "ऐकला. पण बाळाचाच होता ना?"