वय वर्षे आठ

"मुलगी केवढी आहे?" काउंटरवरच्या बाईनं विचारलं.

बर्थडेकाकांनी हात कमरेच्या जरा वर धरला. "एवढी."

"वय विचारलं, साहेब. उंचीवर गेम मिळत नाहीत."

"आठ-नऊ धरा की."

बर्थडेकाका हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. गृहस्थ विम्याचे एजंट. सकाळी उठून माणसानं देवाचं नाव घ्यावं, तसे हे गिऱ्हाइकांची नावं घेत. आज डॉक्टरांचा वाढदिवस, उद्या वकिलांच्या आईचा, परवा ठेकेदाराच्या मेहुण्याचा. दात घासायच्या आधी फोन, आणि तोही गाऊन. तारखा सगळ्या तोंडपाठ. लोक म्हणत, आम्ही विसरतो, पण बर्थडेकाका विसरत नाहीत.

बायको मात्र मुलीला घेऊन चार वर्षांपूर्वीच माहेरी गेली होती. भांडण काही मोठं नव्हतं. घरात असलेल्या माणसाशी भांडता येतं. हे घरात नसतच. मधल्या काळात मुलगी भेटली ती फोनच्या पडद्यावर, गळ्यापासून वर. गळ्यापासून वरच्या माणसाला उंची नसते. या सुट्टीत मात्र तिचा निरोप आला होता, "रविवारी येते. करमलं तर सुट्टीभर राहीन. नाहीतर आई संध्याकाळी न्यायला येईल."

काकांनी पक्कं ठरवलं, संध्याकाळ होऊच द्यायची नाही. पोरीला धरून ठेवील असं काहीतरी घरात हवं. म्हणून हा हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम.

"आठ वर्षांच्या मुलीला हा घ्या," बाई म्हणाल्या. "मांजराचं पिल्लू सांभाळायचं. दूध पाजायचं, आंघोळ घालायची."

"आणि हा तलवारीचा?"

"तो मोठ्या मुलांचा. पण घेऊन ठेवा. मुली काय, बघता बघता मोठ्या होतात."

काकांनी दोन्ही घेतले. मग बाईंनी यंत्राला कव्हर विकलं, काच विकली, मनगटात अडकवायचा पट्टा विकला आणि शेवटी वाढीव हमी काढली. "पडला, भिजला, चोरीला गेला तर? उद्याचा काय भरवसा, साहेब?"

हे वाक्य काकांनी स्वतः शेकडो दिवाणखान्यांत टाकलं होतं. ते आज आपल्यावरच उलटलेलं पाहून त्यांचा ऊर भरून आला. मुकाट्यानं सही केली.

"खातं इथंच उघडून देते. मुलीची जन्मतारीख?"

काकांनी डोळे मिटून खाडकन सांगितली. दिवस, महिना, साल. अडखळले नाहीत. पाठोपाठ पालक म्हणून स्वतःचीही सांगितली. इथवर सगळा पूर्वरंग, आणि पूर्वरंग कुणाचाही गोडच असतो.

रविवारी दार उघडलं तर दारात त्यांच्या खांद्याला लागणारी मुलगी उभी. काका क्षणभर तिच्या मागे आपली मुलगी शोधू लागले.

"मीच आहे, बाबा."

"उंच झालीस गं!"

"तुम्ही बसा ना, मी घेते पाणी." चार वर्षांपूर्वी ती 'बाबा, तू' म्हणायची.

खोकं उघडलं तेव्हा मात्र चेहरा खुलला. "अय्या, तलवारीचा! माझ्या वर्गात सगळ्यांकडे आहे." तिनं त्या गेमचं कार्ड यंत्रात घातलं. यंत्रानं टिंग केलं आणि पडद्यावर पाटी आली : हा खेळ तुझ्या वयासाठी नाही. पुन्हा घातलं, पुन्हा तीच पाटी. यंत्र बंद करून चालू केलं, मांजराचं कार्ड घातलं. मांजर आलं, म्याऊ म्हणालं आणि दूध मागू लागलं.

"बिघडलंय," काका गरजले. "गिऱ्हाईक बघून नासका माल गळ्यात मारतात! चल दुकानात."

"राहू दे ना, बाबा. आपण गप्पा मारू."

"गप्पा नंतर. आधी त्या बाईला दाखवतो."

स्कूटरवर ती मागे बसली, पण धरलं सीटला. दुकानात काकांचा आवाज असा लागला की इस्त्र्या बघणारी माणसंही गोळा झाली. "मी विम्यातला माणूस आहे! मला फसवता?"

बाईंनी शांतपणे चारदा बोट फिरवलं. "यंत्र ठणठणीत आहे, साहेब. फक्त त्याच्या मते ताई आठ वर्षांच्या आहेत. तुम्ही सांगितलेली तारीख ही."

मुलगी वाकून वाचू लागली. "ही कुणाची तारीख आहे?"

काकांनी वाचली, पुन्हा वाचली. तारीख अगदी अचूक होती. ठेकेदाराच्या मुलीची. दरवर्षी त्या दिवशी ते स्वतः केक घेऊन जात.

"यंत्रानंच चुकीची घेतली असणार," ते पुटपुटले.

"मग खरी सांगा, बदलून देते."

काकांनी तोंड उघडलं. डॉक्टर आले, वकिलांची आई आली, ठेकेदाराचा मेहुणा आला; सगळे रांगेत उभे राहिले. मुलगी काही रांगेत दिसेना. जमलेली माणसं एकाएकी इस्त्र्या बघू लागली.

मुलीनंच तारीख सांगितली. "बारा पूर्ण झाली," ती म्हणाली. बापाला नव्हे, बाईंना.

"आता बदल पक्का करायला पालकांची जन्मतारीख लागेल. साहेब?"

पण साहेबांना आता स्वतःचीही आठवेना. मुलीनं यंत्र ओढून घेतलं, भराभर आकडे दाबले आणि टिंग झालं.

"तुला माझी तारीख पाठ आहे?"

"दरवर्षी फोन लावते ना त्या दिवशी. बिझी लागतो. तुम्हाला गिऱ्हाइकांचे येत असतात."

बाईंनी उगाचच काउंटर पुसला. "मांजराचा गेम परत घेऊ का?"

"नको," मुलगी म्हणाली. "बाबा, ती तारीख ज्या मुलीची आहे ना, तिला द्या हा. आठ वर्षांची असताना मलाही खूप आवडला असता."

मग तिनं आईला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला. जाताना यंत्र काकांच्या हातात ठेवत म्हणाली, "हे तुमच्याकडेच असू दे. कधी आले तर खेळीन."

पुढच्या महिन्यात ठेकेदाराच्या मुलीचा वाढदिवस आला. काका केक घेऊन गेले आणि मांजराचा गेमही. पोरगी नाचली. ठेकेदाराचे डोळे पाणावले. "माझ्या लक्षात आलं नसतं हो," तो म्हणाला. "पोरांचं मन ओळखावं तर तुम्हीच!" आणि तिथल्या तिथे त्यानं मुलीच्या नावे नवी पॉलिसी घेतली.

काकांनी अर्ज भरला. जन्मतारीख विचारावी लागली नाही.