नानांचा चोरखिसा

नाना टेलर ओळखीच्या माणसाला "ये, बस" असं कधी म्हणायचे नाहीत. म्हणायचे, "पँट काढ." तेही पंचवटीतल्या दुकानात, भर दुपारी, गिऱ्हाइकांसमोर. एखादा नवखा लाजला की कात्री आपटायचे. "मी काय खातो काय तुला? पडद्यामागं जा नि दे इकडं."

दोन हजार साल उजाडायच्या आसपासची गोष्ट. आम्ही पुरुषांवरच जीव जडलेले पुरुष. मी मार्केट यार्डात हमाल, कुणी रिक्षावाला, कुणी ओझरच्या कारखान्यात. एड्सनं आमच्यातली माणसं जायला लागली, तेव्हा आम्हीच एक मंडळ काढलं आणि नदीकाठच्या बागेत आपल्या लोकांना निरोध वाटायला लागलो. निरोध सरकारी दवाखान्यातून खोक्यानं फुकट मिळायचे. आणि बागेच्या फाटकावर पोलीस खिसे तपासायचे. निरोध सापडला की लाथा, शिव्या, वर "घरी सांगू का?" म्हणजे देणारंही सरकार, मारणारंही सरकार. लोकांनी निरोधचं पाकीट जवळ ठेवणंच सोडलं. मरण आलं तरी चालेल, पण घरी कळायला नको. आजही आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

यावर नानांनी काढलेला इलाज म्हणजे चोरखिसा. पँटच्या कमरपट्टीत, आतून, इतका बेमालूम की हात फिरवूनही कळू नये. वर दटावणी, "रिकामा ठेवलास तर पुढची पँट दुसरीकडं शिव." एकाच्या बायकोला कपडे धुताना पाकीट सापडलं. तो रडत आला, तर नानांनी त्यालाच झापलं, "स्वतःची पँट धुवायला हात मोडले काय तुझे?"

मंडळात मात्र नाना कधी आले नाहीत. कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर, "मी यांचा टेलर. बाकी मला काय घेणं नाय." त्यांच्याकडे एका शाळेच्या गणवेशांचं काम होतं, त्यावर दुकान चालायचं. असली शंका जरी आली असती तरी ते काम गेलं असतं.

एका संध्याकाळी हवालदाराचा हात माझ्या कमरपट्टीवर अडला. त्यानं ब्लेडनं पट्टी फाडली, पाकीट काढलं आणि मला चौकीत नेऊन बसवलं. कुणीतरी नानांना सांगितलं असावं. ते तरातरा आले. मला वाटलं, माझ्यासाठी रदबदली करतील. त्यांनी आधी माझी पट्टी उलटी करून पाहिली.

"शिवण उसवायची होती तर उसवायची. कापड कुणी फाडलं?"

चौकीतले साहेब हसले. "टेलर, एवढा पुळका? तूपण यांच्यातलाच का?"

बाकावर त्याच शाळेचे क्लार्क सायकलचोरीची तक्रार द्यायला बसले होते. नानांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

"हो. यांच्यातलाच. माझा माणूस मालेगावात यंत्रमागावर होता. तुमच्या झडतीला भ्यायचा, जवळ काय ठेवायचा नाय. त्याच रोगानं गेला. तेव्हा मला हा खिसा सुचला नाय."

साहेबांनी नजर वळवली आणि हातानंच आम्हाला जायला सांगितलं.

पुढं जूनमध्ये गणवेशांचं काम दुसऱ्याकडे गेलं. इतकी वर्षं पोरांना बसणारे कपडे एका संध्याकाळीत वाईट झाले. या माणसांना काय म्हणावं?

पण त्या संध्याकाळी बाहेर येऊन नाना टपरीवर बसले. चहा समोर तसाच होता.

"राजाराम त्याचं नाव," ते म्हणाले. "कुणी कधी विचारलंच नाय."

मी म्हणालो, "कसे होते हो?"

टपरीवाल्यानं बाकडी उचलायला घेतली, तरी नाना सांगत होते.