दोन जांभळ्या करंगळ्या

"तुम्ही दोघं निर्धास्त कामावर जा. पोरांना पोलिओचा डोस मी पाजून आणतो," अप्पांनी मुलाला आणि सुनेला बजावलं. "आणि जुळ्यांत गोंधळ होईल ही काळजी तर सोडाच. माझे नातू मी अंधारातही ओळखतो."

अंधाराचं राहू द्या, अप्पांना ते भर उन्हातही ओळखू येत नसत. दीड वर्षाची ती दोन पोरं अगदी एका साच्यातली होती. पण अप्पांची उभी हयात गोदामात खोक्यांवर खुणा करण्यात गेलेली. त्यांनी थोरल्याच्या डाव्या करंगळीवर मार्करनं जांभळा ठिपका दिला होता आणि घरात कुणाला त्याचा पत्ता लागू दिला नव्हता.

बूथवर रांग होती, आणि रांगेत गप्प बसणं अप्पांच्या रक्तातच नव्हतं.

"आमच्या लहानपणी साखरेच्या खड्यावर थेंब टाकून लस द्यायचे," त्यांनी मागच्या बाईंना सांगायला घेतलं. "पण आमच्या शाळेत ती उशिरा पोचली. तोवर माझ्या बाकावरच्या दोस्ताचा पाय पोलिओनं गेला होता. वर्गात सगळ्यांत जोरात तोच पळायचा हो."

दोस्ताची आठवण आली की अजूनही त्यांना वाईट वाटे.

तेवढ्यात पोरांची बाबागाडी टेबलाशी पोचली, तरी अप्पांचं तोंड मागच्या बाईंकडेच होतं. नर्सबाईंनी एकाची करंगळी पाहिली, "याला दिलेला दिसतोय," असं स्वतःशीच म्हणत दुसऱ्याच्या तोंडात दोन थेंब टाकले, त्याच्या डाव्या करंगळीवर जांभळी खूण केली आणि गाडी पुढे सरकवली.

घराच्या कोपऱ्यावर अप्पांनी सवयीनं करंगळी तपासली. हा थोरला. मग दुसरी तपासली. हाही थोरला!

अप्पांच्या पायाखालची जमीन सरकली. कोण कोणता ते नंतर बघता आलं असतं, पण बूथवरची खूण एकाच्याच बोटावर, म्हणजे यातलं एक पोर डोसाविना राहिलं होतं आणि ते कुठलं, हे काही केल्या सांगता येत नव्हतं. त्यांनी गाडी वळवली आणि धापा टाकत बूथ गाठला.

"आजोबा, दोघांना खूण आहे. झालंय यांचं," नर्सबाई म्हणाल्या.

"त्यातली एक खोटी आहे."

"कुठली?"

"तेवढं सोडून काहीही विचारा."

"खोटी खूण केली कुणी?"

सगळी रांग कान टवकारून ऐकत होती. "मी," अप्पा पुटपुटले. "मला ओळखू येत नाहीत ती. चारचौघांत हसा मला हवं तर, पण माझं एकही पोर राहायला नको."

"जास्तीच्या डोसानं काही अपाय होत नाही," हसू दाबत नर्सबाईंनी दोघांनाही थेंब पाजले.

संध्याकाळी सून घरी आली तेव्हा अप्पा ऐटीत बसले होते. "झालं काम. हा थोरला, हा धाकटा," त्यांनी ठोकून दिलं.

सुनेनं दोन्ही करंगळ्या पाहिल्या. "अप्पा, आज तुमची खूण दोघांनाही?"

अप्पांचा चेहरा पडला. "तुला माहीत होतं?"

"अंघोळीत ती पुसट होते ना. मग मीच पुन्हा गडद करते. तुमची पंचाईत नको."

अप्पांना गहिवरून आलं. अशी सून मिळायला भाग्य लागतं, असं ते बोलूनही गेले.

"फक्त मागच्या रविवारी अंघोळ तुमच्या मुलानं घातली," ती म्हणाली. "पार धुऊन काढली आणि नवी खूण धाकट्याला केली. तेव्हापासून तुम्ही धाकट्यालाच थोरला म्हणताय."

"अगं, मग त्यानं सांगायचं नाही का मला?"

"तो काय सांगणार? तोही खूण बघूनच ओळखतो."