तात्यांची आहारवही

सुभेदार तात्या माणसाची ख्यालीखुशाली विचारण्याआधी त्याचं पोट मोजतात. खिशातून शिंप्याची टेप काढायची, "बेंबीच्या रेषेत. श्वास सोड. पोट आत घिऊ नगंस," असा हुकूम द्यायचा, आकडा मोठ्यानं वाचायचा आणि मगच म्हणायचं, "काय रं, बरा हायस न्हवं?"

रहिमतपुरातल्या आमच्या गल्लीत प्रत्येकाचा घेर सगळ्यांना पाठ आहे. एकदा शेजारी मुलगी बघायला पाहुणे आले, तर तात्यांनी नवऱ्या मुलाचे वडील मोजले. लग्न जमलं, पण ते गृहस्थ अजून व्याह्यांकडे मागच्या दारानं येतात.

तात्या फौजेतून निवृत्त. हातपाय काटकुळे, पोट मात्र पुढे. त्याबद्दल विचारलं की म्हणतात, "ती चरबी न्हाई गड्या, वारा हाय."

मी त्यांचा शेजारी. रक्त-लघवी तपासायची छोटी लॅब चालवतो. मागच्या वर्षी सांगलीहून एक डॉक्टरबाई संशोधनासाठी आल्या. अन्न पचलं की त्यातून बारीक बारीक पदार्थ रक्तात उतरतात. भाजी-कडधान्य खाणाऱ्याच्या रक्तात एक तऱ्हेचे, गोडधोड-मैदा खाणाऱ्याच्या रक्तात दुसऱ्या तऱ्हेचे. पोटाच्या आत साठणाऱ्या चरबीशी त्यांचा काय संबंध, ते बाईंना बघायचं होतं. लोकांनी आठवडाभर खाल्लेलं वहीत लिहायचं आणि शेवटी रक्त द्यायचं.

तात्यांनी गल्ली भरती केली. आठवडा संपला त्या सकाळी सातला सगळे उपाशीपोटी माझ्या दारात रांगेत उभे. तात्या एकेकाचं तोंड हुंगत होते. "च्या पिलायस. माघारी फिर," म्हणून त्यांनी सख्ख्या पुतण्याला हाकललं.

वह्यांमध्ये पहिला नंबर तात्यांचाच. 'सोमवार : ज्वारीची भाकरी दोन, मेथी, दाण्याचा कूट घालून. मंगळवार : हुलग्याचं माडगं. बुधवार : घेवडा, वाफेवर शिजवलेला, कोवळा.' बाईंनी ती वही बाकीच्यांना नमुना म्हणून दाखवली. तात्यांनी त्या दिवशी कुणाचंही पोट मोजलं नाही, इतके खूश होते.

दोन-तीन महिन्यांनी बाई परत आल्या. माझ्या लॅबमध्ये तात्यांना खुर्ची देऊन म्हणाल्या, "काका, वही एक सांगतेय आणि रक्त दुसरंच. भाजीपाल्याची खूण फारशी दिसत नाही. साखर आणि मैदा मात्र भरपूर."

"मशीन बिगाडलं आसंल."

"दोनदा तपासलं, काका."

तात्या माझ्याकडे वळले. "तू बाटल्या बदलल्यास का रं?"

मी नाही म्हणालो.

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "हे वहीतलं जेवण घरी कोण करतं?"

"आमची मंडळी."

मी टेबलावरच्या नळ्या सरळ करू लागलो. काकूंना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. मुलगा शिरवळच्या कारखान्यात, सणाला येतो. बाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, आणि मीही ती वही वाचून छान म्हणालो होतो.

तात्या खुर्चीतून उठून ताठ उभे राहिले. "तुमी म्हनलासा, आठवड्याचं जेवान लिवा. ती कोनत्या वारी काय करायची, समदं ध्यानात हाय माज्या. ते लिवलं. मी खातो ते काय लिवायचं, बाई? बिस्किटं अन् खारी. च्यात बुडवून. तिन्ही टायमाला."

बाईंनी वही मिटून त्यांच्या हातात दिली. "ही आम्हाला चालायची नाही, काका. घरी न्या. जपून ठेवा." आणि पिशवीतून एक कोरी वही काढून दिली.

मी तात्यांना तसंच आमच्याकडे जेवायला नेलं. बायकोनं ताट वाढलं. तात्या मान खाली घालून जेवले. भाकरी संपली तशी बायको टोपलं घेऊन आली आणि म्हणाली, "आणखी वाढू का, तात्या?"

त्यांनी नको म्हणायला ताटावर हात आडवा धरला. बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग बाजूला घेतला.