काडीमोडीचा कागद

सुलाबाई कुपवाडच्या कारखान्यांतल्या कामगारांना जेवणाचे डबे द्यायची. आपल्या नावानं भंगाराचा व्यापार चालतो आणि आपण खोटी बिलं फाडून सरकारचा अठरा लाखांचा टॅक्स बुडवलाय, हे तिला नोटीस आली तेव्हा कळलं.

विश्रामबागेतल्या टॅक्सच्या ऑफिसात तिनं ती नोटीस साहेबांच्या टेबलावर आपटली.

“ह्यो उदयसिंहाचा उद्योग. माझा काडी मोडलेला नवरा, वडूजला असतोय. जाताना माझं आधार, पॅन उचलून न्हेलं मुडद्यानं.”

“नवरा बायकोच्या नावानं धंदा काढतो, मग बायको इथं येऊन रडते. रोजचंच आहे,” साहेब म्हणाले.

“रडतंय कोण? आन् बायकू कोण? तीन वर्सं झाली सोडून. ह्यो बघा कागूद!”

शंभराच्या स्टॅम्पवर पाच पंचांच्या सह्या होत्या. भावकीसमोर काडी मोडली, वर चहा झाला, की संसार संपला. तिच्या मावशीचाही तसाच संपला होता.

साहेबांनी कागद उलटून पाहिला. “कोर्टाचा कुठंय?”

“कोर्टात कशाला? पंच हायती की!”

“मग बाई, सरकारदरबारी तुम्ही अजून त्यांच्याच पत्नी. दोघांनी मिळून केलं नाही कशावरून?”

सुलाबाईच्या डोक्यात तिडीक गेली. त्या माणसाची बायको हा डाग घालवायला तिनं तीन वर्षं रोज साठ डबे घासले होते. ती टेबल उलथवणार, एवढ्यात थबकली.

“म्हंजे माझं लगीन अजून चालूच हाय?”

“कायद्यानं, हो.”

“मग गेल्या साली त्यानं शिवांजलीसंगं लावलं, ते?”

साहेबांचं पेन थांबलं. “पहिली असताना दुसरी? तो वेगळा गुन्हा. पोलिसांकडं जातो.”

तिनं तिथंच फोन लावला.

“आवं धनी,” ती इतकं गोड बोलली, की पलीकडं ठसकाच लागला. “मी अजून तुमचीच बायकू हाय म्हणं. म्हंजे शिवांजलीचं लगीन खोटं. तिचं चौघं भाऊ मिलिटरीतनं सुट्टीवर आल्यात न्हवं? त्यास्नी कळवू, का तुमी येताय हितं, टॅक्साच्या हापिसात?”

अडीच तासांत उदयसिंह घामाघूम होऊन दारात उभा.

“सुला, काडी मोडलीया गं आपली!”

“भावकीत मोडलीया. सरकारात न्हाई.” तिनं कोरा कागद पुढं सरकवला. “टॅक्स कुणी खाल्ला, लिव्ह.”

त्यानं साहेबांकडं वाकून हळूच विचारलं, “साहेब, टॅक्स का दुसरं लगीन, दोन्हीतनं सोपं कशात जाईल?”

साहेबांनी तोंड उघडायच्या आत सुलाबाईनं पेन त्याच्या मुठीत कोंबलं.

“ज्यात मेव्हणं न्हाईत, त्यात.”