मामा, डिश आणि धाकटीचा उजवा हात

"आलं, आलं! चित्र आलं!" तपासनीस आनंदानं ओरडले. "बाळासाहेब, आता हलायचं नाही! श्वास घेतलात तरी चालेल, पण हळू!"

"बरं, भाऊजी!" गाडीच्या मागून, शिडीवरून मामांचा आवाज आला.

बाईंनी डोळे बारीक करून टीव्हीकडे पाहिलं. पडद्यावर टक्कल पडलेला एक माणूस शिडीवर उभा होता आणि त्यानं डोक्यावर भलीमोठी थाळी धरली होती.

"ही कसली मालिका?"

"असेल काहीतरी कामगारांच्या जीवनावर."

"अहो, याच्या अंगात आपल्या बाळ्याचा शर्ट आहे."

"बाळ्या टेलर आहे. त्यानं कुणाकुणाला काय शिवून दिलंय, मी कसं सांगू?" असं म्हणून तपासनिसांनी खिडकीतून मान बाहेर काढली. "बाळासाहेब, जरा कडेला सरका!"

पडद्यावरचा माणूस कडेला सरकला.

"अगं बाई! हा तर तुमचं ऐकतोय!" बाई म्हणाल्या.

तपासनीस आयुष्यभर लिफ्ट तपासत आले होते. लोकांनी बसवलेल्या लिफ्टमध्ये शिरायचं, वर जायचं, खाली यायचं आणि 'पास' किंवा 'नापास' म्हणायचं, हे त्यांचं काम. स्वतःच्या हातानं त्यांनी एक स्क्रूसुद्धा कधी पिळला नव्हता. निवृत्त झाल्यावर त्यांनी हे फिरतं घर घेतलं. आत दोन पलंग, एक शेगडी, एक टीव्ही आणि उरलेल्या जागेत माणसं. चालवायच्या त्यांच्या पत्नी, म्हणजे बाई, कारण त्यांनी शाळेची बस इतकी वर्षं चालवली होती की घरातली खुर्चीसुद्धा त्या आधी मागे बघून सरकवायच्या. बाईंचा धाकटा भाऊ, म्हणजे मामा, हवापालट म्हणून बरोबर आला होता. तळ्याकाठच्या मोकळ्या मैदानात त्यांनी सकाळी मुक्काम टाकला होता.

गाडी झाडाखाली मागे घेतानाच नवरा-बायकोची पहिली चकमक झाली होती. स्टिअरिंगजवळ तळहाताएवढा पडदा होता. मागचा गिअर टाकला की तो उजळायचा आणि मागच्या कॅमेऱ्यातलं सगळं दाखवायचा. त्यात झाड उजवीकडे दिसलं, पण कॅमेरा मागे तोंड करून आहे असा हिशेब करून तपासनीस ओरडले, "डावीकडे झाड आहे, झाड!"

"ते उजवीकडेच आहे. हा पडदा आधीच आरशासारखं उलटं करून दाखवतो, कितीदा सांगू? तुम्ही गप्प बसा बघू."

त्यानंतर टीव्हीच्या वायरिंगचं काम निघालं. डिशची वायर, रिसीव्हरची वायर, टीव्हीची, कॅमेऱ्याची, छोट्या पडद्याची, सगळ्यांची भेंडोळी जमिनीवर पसरली होती. चित्र नेणाऱ्या वायरींच्या पिवळ्या टोकांवर तपासनिसांनी कुठली कुठे लावायची याच्या सुतळीच्या खुणा बांधल्या होत्या आणि मग ते चहा प्यायला बसले. मामांना मात्र काही लोंबकळताना बघवत नाही. सदऱ्याचा एक दोरा सुटला तरी त्यांना घास गोड लागत नाही. त्यांनी सुतळ्या कचरा म्हणून कापून टाकल्या, खिडकीच्या पडद्याच्या उरलेल्या कापडाची लांबलचक पिशवी शिवली, सगळ्या वायरी तीत घातल्या आणि वर दुहेरी शिवण मारली. चहा पिऊन तपासनीस आले. बाहेर एकही वायर दिसत नाही हे पाहून ते खूश झाले.

"वा! पास!" ते म्हणाले, आणि पिशवीच्या तोंडातून डोकावणारी पिवळी टोकं समोर दिसतील त्या भोकांत खुपसून मोकळे झाले.

हे सगळं आजच जमायला हवं होतं, कारण सात वाजता त्यांची धाकटी लेक टीव्हीवर हवामान सांगणार होती. पहिल्यांदाच! आणि धाकटीला लहानपणापासून डावं-उजवं कळत नसे. चपला उलट्या घालून ती शाळेत जायची. बाईंनी तिच्या उजव्या मनगटाला लाल दोरा बांधला, तर तिनं अंघोळीच्या वेळी सोडून तो डाव्याला बांधला. हवामान सांगताना उभं राहायचं कोऱ्या भिंतीपुढे, नकाशा नंतर चिकटवतात, त्यामुळे पूर्वेला हात करायचा की पश्चिमेला हे आपलं आपणच लक्षात ठेवायचं. आजचा दिवस परीक्षेचा होता. हात चुकला की परत बातम्या टाइप करायला बसायचं.

"आई, तू बघ," ती काल फोनवर म्हणाली होती. "माझे हात बरोबर जातात का, एवढंच सांग. बाकीचे तोंडदेखलं बोलतात."

तळ्याकाठी फोनला रेंज नव्हती. रेंज होती ती वर टेकडीवर. "डिश कशाला आणलीय मग?" असं तपासनीस दिवसभर म्हणत होते. डिशचा स्टँड घरी राहिला होता, म्हणून मामा शिडीवर होते.

सात वाजले. टीव्हीतून संगीत वाजलं. पडद्यावर मामाच होते. त्यांनी मोठ्ठी जांभई दिली, आणि त्या जांभईतून धाकटीचा आवाज आला, "नमस्कार! पाहूया आजचं हवामान."

"अहो, बाळ्या धाकटीच्या आवाजात बोलतोय!"

"थांब, आवाज बरोबर आहे, चित्र चुकलंय. नाही, चित्र बरोबर आहे, माणूस चुकलाय." तपासनिसांनी कापडी पिशवी हातात घेतली आणि शिवण उसवायचा प्रयत्न केला. मामांची शिवण ती! ते दातांवर आले. शिवण हलली नाही, दात हलला.

बाईंचा धीर सुटला. "तुम्ही बसा उसवत! मी टेकडीवर जाते, निदान शेवटचं तरी फोनवर दिसेल." त्या स्टिअरिंगवर जाऊन बसल्या, गाडी सुरू केली आणि ती वळवायला मागचा गिअर टाकला.

छोटा पडदा उजळला. त्यात धाकटी होती.

बाईंनी ब्रेक असा दाबला की शेगडीवरचं पातेलं पलंगावर गेलं. "अहो, इकडे या! इथे आहे ही!"

तपासनिसांनी गिअरला हात लावला. पडदा विझला. परत टाकला, परत धाकटी. मागचा गिअर काढायचा नाही हे दोघांच्याही लक्षात आलं. पण मागच्या गिअरमध्ये गाडी टूंटूं करत होती, आणि तिच्या मागे मामा शिडीवर होते.

"ताई! मी मागे आहे गं!"

"हलू नकोस, बाळ्या!"

"तू हलू नकोस! तुझी गाडी टूंटूं करतेय!"

"डिश सोडलीस तर बघ! भाची दिसतेय तुझी!"

"मला कुठे दिसतेय?" मामा ओरडले, पण डिश त्यांनी सोडली नाही.

दोन म्हातारी डोकी तळहाताएवढ्या पडद्यावर वाकली. नकाशा नखाएवढा, आणि त्यावरची अक्षरं म्हणजे नुसत्या मुंग्या. पण धाकटीचा हात स्पष्ट दिसत होता.

"पूर्वेकडे तळ्यांच्या भागात थोड्याच वेळात जोरदार पाऊस," मागून टीव्हीतला आवाज म्हणाला, आणि धाकटीचा हात डावीकडे गेला.

बाई पडद्यावर आणखी वाकल्या. "पूर्व उजवीकडे ना हो?"

"उजवीकडेच."

"पश्चिमेला मात्र आकाश निरभ्र," म्हणत धाकटीनं उजवीकडे हात केला. मग पुन्हा पूर्व, पुन्हा डावीकडे. एकदाही चुकून बरोबर गेला नाही. आणि पोरगी इतकी गोड हसत होती की बाईंना ते बघवेना.

कार्यक्रम संपला. बाईंनी पदरानं डोळे पुसले. "गेली पोरीची नोकरी."

"नापास," तपासनीस पुटपुटले आणि त्यांनी लगेच जीभ चावली.

तेवढ्यात छपरावर ताडताड पाऊस आला. मामा डिश छत्रीसारखी धरून आत शिरले. "पाऊस येणार म्हणून सांगितलं का तिनं?"

"सांगितलं रे. पण हात भलतीकडे दाखवला."

"हात कुठे दाखवला ते मला माहीत नाही. पाऊस कुठे पडला ते माहीत आहे," असं म्हणून मामांनी सदरा पिळला.

बाईंनी पावसातच गाडी टेकडीवर नेली. रेंज येताच फोन वाजला.

"आई, पाहिलंस? हात?"

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. लेकीशी त्या आजवर कधी खोटं बोलल्या नव्हत्या. "अगदी बरोबर, बाळा. एकही चुकला नाही," त्या म्हणाल्या.

"हो ना? साहेबही तेच म्हणाले! एकही चुकला नाही म्हणाले! कायम केलं मला, आई!"

बाईंनी फोन ठेवला.

"त्या साहेबालाही डावं-उजवं कळत नसेल," तपासनीस अखेर म्हणाले.

"काही का असेना." बाईंनी परत फिरायला मागचा गिअर टाकला. डिश आत पडलेली, त्यामुळे छोटा पडदा कोराच राहिला.

"काही दिसत नाही. बाळासाहेब, उतरा आणि मागून सांगा बघू."

"मी आता या गाडीच्या मागे जन्मात उभा राहणार नाही," मामा टॉवेलमधून म्हणाले.

"राहू दे रे," बाई म्हणाल्या. "मी बघते आरशात. यांनी पडद्यात बघून तरी काय सांगितलं असतं? त्यात उजवं ते डावं..."

त्या थांबल्या. स्टिअरिंगवरचे हात तसेच राहिले. गाडी टूंटूं करत होती.

"अहो," बाई हळूच म्हणाल्या.

"काय गं?"

"जन्मात पहिल्यांदा लेकीशी खोटं बोलले मी. तेवढंसुद्धा धड जमलं नाही मला."